एकाच खोक्यातील दोन वये: १९९६ सालच्या पोयाक वाइनच्या चार बाटल्या

नोव्हेंबर २०१८ मधील एका शनिवारी फ्रान्समधील बोर्दो शहरातील एका घरी आठ माणसांच्या जेवणासाठी चार बाटल्या बाहेर काढण्यात आल्या. चारही बाटल्यांवरचे लेबल एकच होते, साल एकच होते आणि त्या आल्याही होत्या एकाच लाकडी खोक्यातून. त्यांपैकी तीन त्या रात्री उघडल्या गेल्या आणि तिन्ही तीन तऱ्हांच्या निघाल्या. वाइन तपासण्याची आणि वाढण्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि एका बाटलीच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. तो का चुकला हे सांगायचे तर त्या खोक्याचा सगळा प्रवासच सांगावा लागेल.

मी मूळची निफाडची. आमच्याकडे द्राक्ष म्हणजे खाण्याचे द्राक्ष, आणि मुरणे म्हणजे लोणच्याचे मुरणे. बोर्दोला वाइन चाखण्याचे आणि वाढण्याचे शिक्षण घेण्यासाठी गेले तेव्हा ज्या निवृत्त शिक्षकांच्या घरी मी भाड्याने राहिले, ते हे यजमान. त्यांच्याकडे चौकटीच्या पानांची एक वही होती आणि प्रत्येक उघडलेल्या बाटलीची नोंद ते त्या वहीत तारीख घालून करीत. या प्रकरणातील जुने तपशील त्या वहीतून घेतले आहेत.

खोक्याचा प्रवास

पोयाक हे बोर्दोच्या उत्तरेस, जिरोंद नदीच्या डाव्या तीरावरील मेदोक पट्ट्यातले गाव. तिथली जमीन खडीची आहे. पाणी तिच्यात थांबत नाही, दिवसा तापलेले गोटे रात्री ऊब सोडतात, आणि उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला अशीच जमीन मानवते. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून बोर्दोच्या दलालांनी मेदोकमधील शातोंची, म्हणजे स्वतःची वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, पाच श्रेण्यांमध्ये जी प्रतवारी लावली, ती आजही जवळजवळ तशीच चालते. तिच्यातला मोठा बदल एकच, तो म्हणजे १९७३ मध्ये मूतों रॉथशील्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत मिळालेली बढती. आमच्या खोक्यातील वाइन पोयाकच्या पाचव्या श्रेणीतील एका शातोची होती. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्या शातोचा दोष नव्हता आणि नाव घेतले की दोष त्यालाच चिकटतो.

१९९६ हे साल डाव्या तीरावरच्या काबेर्नेसाठी उत्तम ठरले. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस झाला, परंतु सप्टेंबर कोरडा आणि उन्हाचा गेला, त्यामुळे लवकर पिकणाऱ्या मर्लोपेक्षा काबेर्नेला अधिक लाभ झाला. अशा सालची वाइन तरुणपणी कडक लागते, कारण तिच्यात तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, आणि तेच तिला दीर्घायुषी करतात. यजमानांनी १९९७ च्या वसंतात, वाइन अजून २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत असतानाच, आगाऊ पैसे भरून बारा बाटल्या राखून ठेवल्या. १९९९ मध्ये खोके घरी आले. त्याच शरदात त्यांची मुलगी नोकरीसाठी पॅरिसला गेली आणि जाताना सहा बाटल्या घेऊन गेली. उरलेल्या सहा घराखालच्या अर्ध्या जमिनीत गेलेल्या दगडी खोलीत आडव्या राहिल्या. ही खोली उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत चढते आणि हिवाळ्यात ११ पर्यंत उतरते. भिंतींना ओल असते आणि बाटल्यांची लेबले तिथे काळी पडतात. वाइनला मात्र अशीच खोली हवी असते.

मुलगी राहत असे ती पॅरिसमधील एका जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, जस्ताच्या पत्र्याच्या छपराखाली. बाटल्या स्वयंपाकघरातील कपाटात होत्या. पहिल्या दोन-तीन वर्षांत तिने त्यांतल्या दोन मित्रमंडळींत संपवल्या आणि चार उरल्या. त्यानंतर ऑगस्ट २००३ आला. त्या महिन्यातील उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. पॅरिसचे तापमान ३९ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही ते २५ च्या आसपास रेंगाळत राहिले. बहुतेक पॅरिसकरांप्रमाणे मुलगी सुट्टीवर होती आणि खिडक्यांच्या झडपा लावलेल्या होत्या. पत्र्याखालच्या त्या बंद कपाटात किती उष्णता साठली असेल याची कल्पना नागपूरच्या माणसाला द्यावी लागणार नाही. २००६ मध्ये त्या चार बाटल्या बोर्दोला परत आल्या. यजमानांनी त्यांच्यावर खडूने ‘प’ लिहिले आणि त्या खाली नेऊन ठेवल्या.

उष्णतेने बाटलीत नेमके काय होते हे येथे सांगून टाकते. शातोत वाइन भरताना बूच आणि द्रव यांच्यामध्ये बोटाच्या अर्ध्या पेराएवढी पोकळी ठेवलेली असते. आकारमानात ती तीन-चार मिलीलिटर भरते. ७५० मिलीलिटर वाइन २० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत तापली की ती जवळजवळ तेवढीच फुगते. पोकळी संपते, दाब वाढतो आणि वाइन बुचाच्या कडेने वर झिरपू लागते. रात्री किंवा लाट ओसरल्यावर बाटली थंड झाली की द्रव आकसतो आणि त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. याखेरीज मुरण्याची सगळी रासायनिक क्रियाही उष्णतेने वेग घेते. लाल रंगाची द्रव्ये आणि तुरट टॅनिन एकमेकांना जोडत जाऊन मोठे रेणू बनणे आणि ते जड होऊन गाळ म्हणून खाली बसणे, हे चांगल्या तळघरात वीस वर्षे सावकाश चालते. कपाटात तेच भराभर होते, आणि त्यात प्राणवायूमुळे होणारी झीज सर्वांत जास्त वेगाने वाढते. म्हणून लेबलावरचे साल हे वाइनचे वय सांगते असे समजणे धोक्याचे आहे. पुण्यातील सदनिकेत फ्रिजच्या वर चार मे महिने काढलेली बाटली आणि तिच्याच जोडीची १३ अंशांत राहिलेली बाटली यांना एका वयाच्या मानता येत नाही.

वहीतील नोंदी याला दुजोरा देणाऱ्या होत्या. बोर्दोत राहिलेल्या बाटल्यांपैकी चार २००६, २००९, २०१२ आणि २०१५ मध्ये उघडल्या गेल्या. पहिल्या नोंदीत ‘बंद’, म्हणजे वास आणि चव अजून मिटलेली, असा एकच शब्द होता आणि त्याखाली दोन रेघा होत्या. दुसऱ्या नोंदीतही ‘अजून बंद, पण शेवटच्या घोटात काहीतरी’ असे होते. २०१२ पासून शब्द वाढत गेले होते आणि २०१५ ची नोंद पाऊण पान होती. ‘प’ च्या दोन बाटल्या २००९ आणि २०१३ मध्ये संपल्या होत्या. पहिल्या वेळी शेरा होता ‘आत्ताच गोड म्हातारी’. दुसरा शेरा होता ‘घाई करा’. घाई मात्र कोणी केली नव्हती.

गुरुवारची तपासणी

जेवणाच्या दोन दिवस आधी मी उरलेल्या चारही बाटल्या उभ्या करून ठेवल्या, म्हणजे वीस वर्षे आडव्या बाजूला चिकटलेला गाळ तळाशी उतरेल. सोयीसाठी त्यांना ब-१, ब-२, प-१ आणि प-२ अशी नावे दिली. मग बॅटरीच्या उजेडात एकेक पाहिली.

दोन्ही ‘ब’ बाटल्यांत वाइन मानेच्या तळापर्यंत होती. बावीस वर्षांच्या बाटलीला एवढी घट अगदी रास्त आहे. प-१ मध्ये पातळी खांद्याच्या वरच्या भागात उतरली होती आणि प-२ मध्ये त्याहून बोटभर खाली. शिवाय प-२ चे टोपण, म्हणजे बूच आणि मान यांच्यावरचे पातळ आवरण, फिरत नव्हते. टोपण बोटांत धरून हलकेच पिळले आणि ते मानेभोवती सैल फिरले, तर बहुधा गळती झालेली नसते. जागच्या जागी घट्ट बसलेले असेल, तर झिरपून वाळलेल्या वाइनचा चिकटा आत असतो. ही परीक्षा फुकटची आहे आणि जुनी बाटली विकत घेताना दुकानदाराच्या देखत करायला हरकत नसते. उजेड आरपार धरल्यावर ‘ब’ बाटल्यांच्या खांद्यापाशी गडद माणकासारखा रंग दिसत होता, तर ‘प’ बाटल्यांत तो विटकरीकडे झुकला होता.

यजमानांची योजना साधी होती. सकाळीच चारही बुचे काढावीत, वाइनला दिवसभर ‘श्वास’ घेऊ द्यावा आणि रात्री जेवणाच्या खोलीच्या तापमानाला ती वाढावी. यातल्या तिन्ही गोष्टींना माझा विरोध होता. पाहुणीने घरधन्याशी किती वाद घालावा याची मर्यादा सांभाळून मी तो सांगितला.

नुसते बूच काढल्याने वाइनला हवा लागतच नाही म्हटले तरी चालेल, कारण बाटलीच्या मानेत उघडा पडणारा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याहूनही लहान असतो. खरी हवा लागते ती वाइन दुसऱ्या भांड्यात ओतताना आणि पेल्यात. दुसरे म्हणजे, ‘खोलीचे तापमान’ हा शब्दप्रयोग ज्या काळातला आहे त्या काळी फ्रेंच घरांतल्या खोल्या १६ ते १८ अंशांच्या असत. यजमानांच्या घरात नोव्हेंबरात यंत्राने २२ अंश राखले जात होते. २२ अंशांना वाइनमधला मद्यार्क नाकात चढतो आणि चवीची वीण उसवते, तर तळघरातल्या १२-१३ अंशांना तुरटपणा टोचतो आणि वास दबून राहतो. म्हणून वाइन १६ अंशांना ओतावी, पेल्यात ती आपोआप दोन अंश चढते, असे मी सुचवले. जिन्याखालच्या बोळात १६ अंश होते. बाटल्या शनिवारी दुपारी तिथे आणून ठेवल्या.

तिसरा मुद्दा निथळण्याचा. गाळ खाली ठेवून वरची स्वच्छ वाइन काचेच्या सुरईत काढून घेणे याला मराठीत ‘निथळून घेणे’ हा नेमका शब्द आहे आणि पेशातले ‘डिकँट करणे’ त्याहून वेगळे काही सांगत नाही. केव्हा निथळावे याबद्दल मात्र जाणत्यांमध्ये एकमत नाही. बोर्दोच्या वाइनविज्ञानाला आधुनिक शिस्त लावणारे एमिल पेनो यांचे मत असे होते, की गाळ असेल तरच निथळावे आणि तेही वाढण्याच्या अगदी आधी, कारण निर्दोष वाइन हवेत सोडून ठेवल्याने तिच्या सुगंधाची हानीच होते. अनेक शातोंमध्ये मात्र तरुण, कडक वाइन तास-दोन तास आधी निथळण्याची रीत आहे. मी पेनो यांच्या पक्षाची होते. ‘ब’ बाटली जेवणाच्या थोडी आधी निथळायची, ‘प’ मुळीच निथळायची नाही, आणि ब-२ व प-२ हाताशी राखून ठेवायच्या, असे ठरले. आठ माणसांना दोन बाटल्या म्हणजे गाळ वगळता प्रत्येकी दोन छोटे पेले होतात, आणि अशा वाइनचे तेवढे पुरे.

शनिवारची संध्याकाळ

पाहुणे साडेसातला येणार होते. सहाला मी ब-१ उघडली. जुन्या बुचात मळसूत्र घातले तर ते मधोमध चुरा होऊन खाली पडण्याची भीती असते, म्हणून दोन पातळ पात्यांचे ओपनर वापरले. ही पाती बूच आणि काच यांच्यामधून खाली सारायची आणि पिळत पिळत बूच अखंड वर आणायचे. बूच सुरेख निघाले. खालचा तिसरा हिस्सा जांभळा झालेला, वरचा कोरडा. मी त्याचा वास घेतला तर काही वावगे जाणवले नाही. थोडी वाइन पेल्यात घेतली. रंग गडद, कडेला नुकता विटकरी होऊ लागलेला. वास मात्र जवळजवळ नव्हताच, म्हणजे फळ नाही, लाकूड नाही, नुसती एक मंद, करडी शांतता. घोट घेतला तर आंबटपणा ताठ होता, तुरटपणा कोरडा होता आणि मधला भाग पोकळ होता.

मी निदान केले: बंद. मेदोकच्या कडक सालांच्या वाइन बाटलीत काही वर्षे तोंड मिटून बसतात, हे आम्हाला शिकवलेलेच होते, आणि वहीत दोन रेघा मारलेला तो शब्द मी दोनच दिवसांपूर्वी वाचला होता. २०१५ मध्ये पाऊण पान भरून बोललेली वाइन तीन वर्षांनी पुन्हा मुकी कशी झाली, हा प्रश्न त्या वेळी मला पडायला हवा होता, पण तो पडला नाही. उलट पेनो यांचे मत बाजूला ठेवून मी ती लगेच निथळायला घेतली, म्हणजे हवा लागून ती मोकळी होईल. मेणबत्ती लावली, बाटलीचा खांदा ज्योतीच्या वर धरला आणि एका हाताने न थांबता ओतत राहिले. बोर्दोच्या बाटलीला जो चौकोनी खांदा असतो तो अशा वेळी गाळ अडवतो. काळ्या धाग्यासारखी पहिली रेघ खांद्यात शिरताना दिसली तेव्हा थांबले. तळाशी चाळीसेक मिलीलिटर उरले.

सात वाजता वाइन तशीच होती. साडेसातला, पाहुण्यांचे कोट ठेवून झाल्यावर, सुरईच्या तोंडाशी नाक नेले आणि चूक कळली. पावसाळ्यात ओल लागलेले पुठ्ठ्याचे खोके, माळ्यावरचे दमट वर्तमानपत्र, न वाळलेले फडके, हा वास एकदा ओळखला की विसरत नाही. वाइनला बुचाचा दोष लागला होता. त्याचे कारण ट्रायक्लोरोअॅनिसोल, म्हणजे पेशात ज्याला टीसीए म्हणतात ते द्रव्य. क्लोरीनयुक्त संयुगे आणि बुरशी यांच्या संयोगाने ते बुचाच्या सालीत तयार होते आणि लिटरमागे दोन ते पाच नॅनोग्रॅम इतक्या मात्रेतही सरावलेल्या नाकाला कळते. आरोग्याला त्याचा काही अपाय नाही. वाइनला मात्र ते संपवते.

मी फसले त्याला एक शास्त्रीय कारणही आहे. २०१३ मध्ये ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की टीसीए हे स्वतःचा वास देण्याआधीच घ्राणपेशींतील संदेशवहन दाबून टाकते. म्हणजे मात्रा अगदी थोडी असेल तेव्हा दोषाचा वास येत नाही, फक्त बाकीचे सगळे वास फिके होतात. असे मुकेपण आणि तारुण्यातले मुकेपण नाकाला पहिल्या क्षणी सारखेच लागतात. फरक वेळ दाखवते. बंद वाइन हवेत हळूहळू बोलकी होते आणि दोष लागलेली वाइन हवेत अधिकाधिक दमट वास मारू लागते. हे मला ठाऊक होते, तरी ‘बंद’ हा शब्द मनात आधीच जाऊन बसल्यामुळे दीड तास मी चांगली बातमी येण्याची वाट पाहत राहिले. सहा वाजता ब-२ चे बूचही काढून दोन पेले शेजारी ठेवले असते, तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

पावणेआठला ब-२ उघडली आणि आठच्या आत ती निथळूनही झाली. वास स्वच्छ होता, मात्र आखडलेला होता. कोकराचे मांस साडेआठला टेबलावर येणार होते. हिला फार तर अर्धा तास मिळणार होता.

तेवढ्यात ‘प’ ची पाळी आली. बोर्दोच्या पद्धतीने लसूण आणि पार्सली घालून परतलेले सेप मशरूम हा पहिला पदार्थ होता. प-१ मी सव्वाआठला टेबलाजवळच उघडली. बूच ओले आणि मऊ होते आणि पात्यांमध्ये जेमतेम टिकले. सुरई मुद्दाम टाळली. बाटली वेताच्या टोपलीत तिरपी ठेवून, मध्ये एकदाही सरळ न करता, आठही पेले एका दमात भरले. बाटली पेल्यागणिक आडवी-उभी केली तर गाळ ढवळतो आणि शेवटच्या तीन पाहुण्यांच्या वाट्याला चिखल येतो. पेले आधीच थोड्याशा वाइनने विसळून घेतले होते, कारण स्फटिकाचे ते पेले वर्षभर लाकडी कपाटात होते आणि कपाटाचा वास त्यांच्यात राहिला होता.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर पेला तिरपा केला की कडेला जुन्या विटेचा नारिंगी रंग दिसत होता आणि मध्यभागीही लाल उरला होता तो थोडकाच. वास सुकलेल्या अंजिराचा, चामड्याचा, पाऊस पडून गेल्यावरच्या पालापाचोळ्याचा आणि अगदी मागे फिक्या चहाचा. तुरटपणा पार विरघळून गेला होता. मशरूमच्या मातकट चवीशी तिचे इतके जमले, की टेबलावरचे बोलणे काही क्षण थांबले. बावीस वर्षांच्या पोयाकला असे असायला नको होते, पस्तीस वर्षांच्या पोयाकला चालले असते. यजमानांच्या मुलीने हसत सगळ्यांना ऐकवले, “माझ्या स्वयंपाकघराने पंधरा वर्षांचे काम महिन्याभरात केले.” मी तिला विरोध केला नाही.

वीस-पंचवीस मिनिटे ही वाइन टेबलावरची सर्वांत सुंदर वस्तू होती. नऊच्या सुमारास मी राखून ठेवलेल्या माझ्या अर्ध्या पेल्याकडे परत गेले, तर अंजीर गेले होते आणि त्या जागी कापून ठेवलेल्या सफरचंदाचा काळपट वास आला होता. तिची ताकद तेवढीच होती. सकाळी बुचे काढण्याची योजना चालली असती, तर ती आम्हाला भेटलीच नसती.

ब-२ मांसाबरोबर आली आणि पाहुणे सभ्यपणे गप्प राहिले. पोयाकचे दुधावरचे कोकरू ही त्या गावाची नावाजलेली जोडी. त्याच्या चरबीने तुरटपणा थोडा मवाळ होतो, पण ती वाइन अजून हाताची घडी घालून बसलेली होती. येथे एक आडवळण घेते. वाइनच्या पाठ्यपुस्तकांत टॅनिनच्या तुरटपणाला चव न मानता स्पर्श मानतात, कारण लाळेतील प्रथिनांशी टॅनिन जोडले गेल्याने जीभ आणि हिरड्या खरखरीत वाटतात. आपल्याकडे कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे. आवळा, सुपारी, कच्चे केळे यांच्यामुळे तो लहानपणापासून तोंडात ओळखीचा असतो. बोर्दोच्या वर्गात मला फळांची नावे जड जात, कारण ज्या काळ्या करंटाचा वास काबेर्नेत शोधायचा ते फळ मी कधी पाहिलेले नव्हते. तुरटपणाच्या छटा सांगताना मात्र मला थांबावे लागत नसे. ब-२ चा तुरटपणा पहिल्या पेल्यात सुपारीचा होता, कोरडा आणि दाताला लागणारा. दहा वाजता, जुन्या मिमोलेत चीजबरोबर सुरईतली उरलेली वाइन वाढली, तेव्हा तो आवळ्याचा झाला होता, म्हणजे आधी आवळणारा आणि मागाहून गोडवा सोडणारा. त्याबरोबर वासही आला: नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचे लाकूड आणि शिसे, देवदार, तंबाखू, आणि ते काळे करंट, जे मला आता जांभळाच्या आठवणीशिवाय ओळखता येते. घोट गिळल्यानंतर चव किती सेकंद टिकते हे फ्रेंच लोक ‘कोदाली’ या मापात मोजतात आणि एक कोदाली म्हणजे एक सेकंद. मी टेबलाखाली बोटांवर मोजले, बारा भरले.

दुसऱ्या दिवशीचा हिशेब

रविवारी सकाळी यजमान आणि मी वही घेऊन बसलो. ब-१ च्या बाबतीत वाद नव्हता, निदान उशिरा झाले होते. प-१ च्या बाबतीतही नव्हता. वाद झाला तो ब-२ वर. यजमानांचे म्हणणे असे, की तिला दोन तास लागले आणि दोन तासांनी ती फुलली, तेव्हा पेनो चूक आणि सकाळी बुचे काढणारे आपले वडील बरोबर. मला हा निष्कर्ष घाईचा वाटला. आठ ते दहाच्या दरम्यान वाइनला हवा लागली हे खरे, पण त्याच वेळात ती १६ अंशांवरून जवळजवळ २० वर गेली होती, कोकराच्या जागी खारट चीज आले होते, आणि आमची नाके ब-१ च्या टीसीएतून सावरायला वेळ मिळाला होता. या चारांपैकी श्रेय एकट्या हवेला देणे सोयीचे आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. तरीही पुन्हा अशी बाटली हाती आली तर मी ती दीड तास आधी निथळीन, हे मी त्यांच्यापुढे कबूल केले, आणि त्यांनी ते वाक्य माझ्या नावानिशी वहीत लिहून घेतले.

मी माझ्यापुरता एक बदल तेव्हापासून केला आहे. जुनी वाइन मुकी वाटली की वीस मिलीलिटर पेल्यात घेते, पेला तळहाताने झाकून दहा मिनिटे हातातच धरते आणि मग हात काढून पहिला वास घेते. उबेने टीसीए लवकर वर येतो. दोष असेल तर दहा मिनिटांत कळतो, आणि दुसरी बाटली उघडायला वेळ उरतो.

प-२ राहिली होती. ती पुढच्या सणाला उघडू असे यजमान म्हणत होते. टोपण चिकटलेल्या बाटलीसाठी सण शोधू नये, असे मी दोन-तीनदा सांगितले. शेवटी मार्च २०१९ मध्ये, मुलगी बोर्दोला आलेली असताना, एका साध्या मंगळवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली. टोपण सुरीने खरवडून काढावे लागले आणि बूच पात्यांनी धरण्याआधीच अर्धे खाली सरकले. वाइन १४ अंशांची होती, मुद्दाम थोडी थंड ठेवलेली, कारण थकलेल्या वाइनला थंडाव्यात थोडा ताठपणा राहतो. आम्ही तिघांनी ती लगेच ओतली. रंग चहाचा, वास अक्रोडाचा आणि मनुकांचा, चवीत आंबटपणा पुढे आलेला, आणि त्याच्या खाली अजून क्षणभर ते अंजीर. मुलीने घड्याळ काढून टेबलावर ठेवले होते. अठराव्या मिनिटाला तिने पेला नाकाशी नेला आणि काही न बोलता वडिलांकडे सरकवला.

बाटलीच्या तळाशी गाळासकट राहिलेली वाइन यजमानांनी फडक्यातून गाळली आणि ओट्याखालच्या व्हिनेगरच्या मातीच्या बरणीत ओतली. ब-१ ला नोव्हेंबरात त्यांनी त्या बरणीच्या जवळही येऊ दिले नव्हते, कारण टीसीए लागला असता तर तीस वर्षे जपलेले विरजण गेले असते.